हळदीच्या कॅसेटवरची बाई

गेल्या श्रावणात मला एका मुलीचा फोन आला. वांद्र्याच्या एका कलादालनात जुन्या कॅसेटच्या कव्हरांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात मी केलेलं ‘हळदीची गाणी’चं कव्हर भिंतीएवढं मोठं करून लावायचं होतं. कॅसेटचं कव्हर हाताच्या पंजात मावतं. ते भिंतीएवढं झालं तर माझ्या रेषा किती थरथरलेल्या दिसतील, या काळजीत मी असताना तिनं विचारलं, “काका, त्या काळात सगळे रंगीत फोटो छापत होते. तुम्ही एकदम काळ्या-पांढऱ्या रेषांचं चित्र कसं काय केलंत? इन्स्पिरेशन काय होतं?”

मी दहा मिनिटं बोललो. आजोळच्या सारवलेल्या भिंती, त्यांवर चुन्यात बुडवलेल्या बोटांचे ठसे, रंगाचा मोह टाळायला लागणारं धैर्य, रिकाम्या जागेचं महत्त्व. हे सगळं मला पाठ आहे. पहिल्यांदा बोललो ते बक्षीस घेताना, व्यासपीठावर. नंतर दोन-तीन मुलाखतींत आणि एकदा कला शिकणाऱ्या मुलांपुढे. माझं आजोळ गिरगावात होतं. तिथल्या भिंतींना ऑइल पेंट होता.

पूर्वी असं काही बोलून मी फोन ठेवला की आतून बायको म्हणायची, “झालं का सांगून?” ती जाऊन चार वर्षं झाली. आता घरात तसं विचारणारं कोणी नाही, म्हणून हा लेख. संपादकांनी ‘कलाप्रवासातले सोनेरी क्षण’ लिहून मागितले होते. त्यांची क्षमा मागून त्यातला एकच क्षण लिहितो, आणि तो सोनेरी नाही.

मी व्यवसायानं कमर्शियल आर्टिस्ट. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं मी अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, ‘सूरमोहोर’ नावाच्या छोट्या कॅसेट कंपनीत काढली. खाली गाळ्यात मशीनवर टेप भरली जायची आणि वर पोटमाळ्यावर मी, माझं टेबल, एक पंखा. तो काळ असा होता की ज्याला गळा होता त्याची कॅसेट निघत होती, आणि ज्याला नव्हता त्याचीही निघत होती. आमच्या इस्टेटीत एक माणूस आधी प्लास्टिकच्या बादल्या करायचा, त्यानं साच्यांच्या जागी टेपची मशीनं बसवली आणि सहा महिन्यांत लोक त्याला ‘संगीत क्षेत्रातले’ म्हणू लागले.

कव्हरचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. एवढ्याशा कागदावर दर्शनी भाग, बाजूचा कणा आणि आत दुमडायची पट्टी. दर्शनी भागावर कॅसेटचं नाव, कंपनीचं चिन्ह आणि गायक. भक्तिगीतं असतील तर देवही. खरी कसरत इथेच. देव किती मोठा आणि गायक किती मोठा, यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी चालींवरून कधी झाली नाहीत. बोरिवलीचे एक बुवा होते. दत्ताच्या भजनांचं कव्हर बघून मला म्हणाले, “देसाई, दत्ताला तीन तोंडं आहेत. तो तसाही भरून दिसतो. मला जरा वाढवा.” मी त्यांना वाढवलं. शिवाय डोक्यावर केस दिले, ते न सांगता. त्या केसांबद्दल बुवा काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या वेळी येताना आंब्याची पेटी घेऊन आले.

फोटोवर बारीक ब्रशनं रंग चढवून तो सुधारायचा, याला आम्ही रिटचिंग म्हणायचो. माझ्या ब्रशनं कितीतरी हनुवट्या एकेरी झाल्या आणि कितीतरी चष्मे उतरले. फोटोत खोटं करू नये हे तत्त्व मला त्या सगळ्या वर्षांत एकदाच आठवलं. ते पुढे येईलच.

आमचे मालक कर्णिकसाहेब. आधी त्यांची मिक्सरची एजन्सी होती. त्यांना भाषणाची आवड होती आणि पार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या व्याख्यानमालांत ते ‘स्त्री आणि समाज’ या विषयावर बोलायचे. माणूस वाईट नव्हता. ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाईंना चहा टाकायला सांगतानासुद्धा ते ‘ताई’ म्हणायचे.

तर, आमच्या पॅकिंगमधल्या गावडेच्या मुलीचं लग्न निघालं. गावडे राहायचा घाटकोपरला, भटवाडीत. हळदीच्या दिवशी दुपारी कर्णिकसाहेब आणि मी तिथे गेलो. चाळीसमोर मांडव, मध्ये पाटावर मुलगी, भोवती बायका. पण गाण्याची पहिली ओळ त्यांच्यातून येत नव्हती. ती मागच्या खोलीतून यायची, पडद्याआडून, आणि मग मांडवातल्या बायका ती झेलायच्या. आवाज असा की बोलणारी माणसं बोलता बोलता थांबत होती.

“माइक कुठे लावलाय रे?” साहेबांनी विचारलं.

“माइक नाय साहेब. आमच्या शेजारच्या अनसूयावैनी आत बसल्यात. त्या आतून उचलतात, ह्या बाहेरून झेलतात.”

“मग त्यांना बाहेर बसवा की.”

गावडे थोडा गोंधळला. एवढी साधी गोष्ट मालकांना कशी माहीत नाही, असं त्याला वाटलं असावं. “वैनींना मालक नाय ना साहेब,” तो म्हणाला. “भाऊ गेले त्याला आठ वर्षं झाली. गिरणीत होते.”

विधवेनं हळदीत बसायचं नाही, पण हळदीची गाणी सगळ्यांत जास्त तिलाच येतात. मग तिला स्वयंपाकघरात बसवायचं आणि पडद्यातून गाणं तेवढं बाहेर घ्यायचं, अशी ती सोय होती. मांडवात कोणालाही त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. कर्णिकसाहेबांचे डोळे मात्र भरून आले. “देसाई, हे समाजासमोर आलंच पाहिजे,” ते म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही अनसूया परबांच्या खोलीत बसलो होतो.

बाई चाळिशीच्या आत-बाहेर, उंच, सावळ्या. बोलणं मालवणी. माझ्यासारख्या पार्ल्याच्या माणसासमोर त्या ते जरा सैल करून बोलायच्या, पण फार नाही. कॅसेट काढायची म्हटल्यावर त्यांनी पैशांचं विचारलं नाही. विचारलं ते असं : “कव्हरावर फोटो लावतास मा? बाकीच्यांचे असतत तसो?”

“अर्थात,” साहेब म्हणाले.

“मगे माझो असोच लावा. मी हळद लपान गातंय. एकदा तरी बायकांनी बघूंदेत, कोण गाता ती.”

बस, एवढीच अट. साहेबांनी शब्द दिला आणि माझ्याकडे हात केला, “आमचे हे देसाई कव्हर करतात. त्यांनाच बजावून ठेवा.”

“ऐकलात मा भाऊ?” बाईंनी मला विचारलं.

मी म्हणालो, “ऐकलं.”

रेकॉर्डिंग एका दिवसात झालं. फोटोसाठी आम्ही आरे कॉलनीत गेलो, कारण ग्रामीण वातावरण म्हटलं की आमच्या फोटोग्राफरला आरे कॉलनीच सुचायची. मागे गवत, एखादं झाड, नशीब असलं तर म्हैस. त्यानं मढच्या एका शूटिंगच्या बंगल्यातून जातं आणलं होतं. बाईंना जात्यासमोर बसवलं, म्हणाला, “मावशी, जरा दळल्यासारखं करा.” बाईंनी सवयीनं जोर लावला आणि वरची तळी खुंट्यासकट हवेत गेली. जातं थर्माकोलचं होतं. बाई ते हातात धरून अशा हसल्या की फोटोग्राफरनं न सांगता बटण दाबलं.

तोच फोटो मी निवडला. मोकळं हसू, कानामागून सुटलेले केस, रिकामं कपाळ. मी केलेल्या सगळ्या कव्हरांवरचा तो एकमेव फोटो, ज्याला मी ब्रश लावला नाही.

लग्नसराई सुरू झाली आणि कॅसेटी परत येऊ लागल्या.

आमचा विक्रीवाला पोटे. दुकानं फिरायचा, तोंडाचा रोखठोक. एक दिवस त्यानं परत आलेल्या कॅसेटींचा खोका साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“साहेब, वाट लागली. कोणी ठेवायला मागत नाय.”

“गाणी आवडली नाहीत?”

“गाणी एक नंबर. दुकानात वाजवली तर लोक थांबतात. मग बस्त्याला आलेली बाई हातात कॅसेट घेते, कपाळ बघते, परत ठेवते. बोलत काय नाय. बोलली असती तर मी भांडलो असतो ना यार. सॉरी, साहेब.”

साहेब म्हणाले, “समाज अजून तयार नाही, देसाई.” त्याच आठवड्यात मुलुंडला त्यांचं व्याख्यान होतं. ते त्यांनी रद्द केलं नाही.

मग साहेबांनी सुचवलं की फोटोवर मी एक कुंकू काढावं, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम. इथे मला माझं तत्त्व आठवलं. मी ताठ होऊन म्हणालो, “साहेब, फोटोत मी खोटं करणार नाही. मी बाईंना ऐकलं म्हणून सांगितलंय.” पोटे माझ्याकडे आदरानं बघू लागला. त्या आदराची मला इतकी गोडी लागली की तो टिकवून शिवाय कॅसेटही खपवायचा मार्ग मी लगेच शोधून काढला. तो मार्ग माझा होता. साहेबांचा नाही, पोटेचा नाही. आजपर्यंत मी सांगत आलो की मालकांच्या दबावातून एक कलाकृती जन्मली. दबाव कोणी आणला नव्हता.

मी म्हणालो, “फोटो काढून टाकू. चित्र करू. चित्र कोणाचंच नसतं.”

“रंगीत?” साहेबांनी विचारलं.

“नाही. काळ्या शाईत. नुसत्या रेषा.”

काळं-पांढरं का, याचं खरं उत्तर असं आहे. रंगीत चित्रात कपाळावर लाल गोल काढला तर ते कुंकू होतं, आणि अनसूयाबाई विचारणार. काळ्या शाईत तोच गोल काढला तर कुंकू म्हणायला जागा आणि नुसतं गोंदण म्हणायलाही जागा. घेणारीला हवं ते दिसेल आणि मला हवं ते बोलता येईल. रंगाचा मोह मी टाळला तो एवढ्याचसाठी. आजोळच्या भिंतींना त्यात काही काम नव्हतं.

भटवाडीत जाऊन मी बाईंना सांगितलं की फोटो जाऊन चित्र येणार. दुकानात काय घडतंय तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “मालक गेले तेव्हा चार बायकांनी धरून पुसल्यानी. माका कोणी इचारल्यान नाय. आता दुकानवाले म्हणतत लाव. माझां कपाळ म्हणजे काय पाटी?”

“कपाळ तसंच ठेवतो,” मी म्हणालो.

“चित्र काढा. पण माझां काढा. आणि कपाळ रिकामां ठेवा.”

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मूळ चित्र जाड पांढऱ्या कार्डावर, छापायच्या आकाराच्या दुप्पट काढायचं. त्यावर एक पारदर्शक शीट ठेवायची आणि वरच्या कडेला चिकटपट्टी लावायची, म्हणजे ती झाकणासारखी उघडते आणि मिटते. ज्या गोष्टी बदलायची शक्यता असते त्या कार्डावर न काढता शीटवर काढायच्या. भाग पहिला, भाग दुसरा, एखादी ओळ, एखादं नाव. छपाईच्या कॅमेऱ्याखाली दोन्ही एकत्र धरलं की एकच चित्र येतं. गिऱ्हाइकाचा आणि मालकाचा वाद असला की वादाची गोष्ट शीटवर जायची. शीट टाकली की मालकाचं खरं, उचलली की गिऱ्हाइकाचं. ज्यांनी ही शीट शोधून काढली त्यांना ती माणसांना फसवायला नको होती. ते आमचं योगदान.

चित्राला मी आठ दिवस घेतले. जाड रेषा, बारीक रेषा, केसांचा काळा पुंजका, हसरा चेहरा. कितीही म्हटलं की चित्र कोणाचंच नसतं, तरी हात आरेतल्या त्या फोटोवरूनच चालत होता. चेहरा हुबेहूब अनसूयाबाईंचा आला. कार्डावर कपाळ रिकामं ठेवलं. आणि शीटवर, नेमक्या त्या जागी, एक काळा गोल.

साहेबांनी शीट टाकलेलं चित्र बघितलं. “वा. आता कोणाला काही म्हणता येणार नाही. बाईंना दाखवून या.”

घाटकोपरच्या बसमधून उतरल्यावर एका दुकानाच्या फळीवर पिशवी ठेवून मी ती शीट उलटी केली आणि कार्डाच्या मागे दुमडली. बाईंनी हात पदराला पुसून कार्ड घेतलं. खूप वेळ बघितलं. “नाक माझांच काढलात,” म्हणाल्या. मग शेजारणीला हाक मारून दाखवलं, तिच्याकडून कार्ड परत घेतलं, पुन्हा बघितलं. “बरां केलात भाऊ,” म्हणाल्या आणि मला चहाबरोबर खापरोळी खायला घातली. मी ती खाल्ली. दुसरी आग्रहानं वाढली, तीही खाल्ली.

परतीच्या बसमध्ये शीटला घडी पडू नये म्हणून मी ती सरळ केली. त्या वेळी मला काळजी घडीचीच होती.

छापून आलं शीटसकट. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॅसेट तुफान खपली. कपाळ बघून परत ठेवणाऱ्या बायका आता कपाळ बघून दोन घेऊ लागल्या, एक घरात आणि एक आहेरात. पोटे म्हणाला, “देसाई, झकास. एका ठिपक्यात गेम केलात.” मग एका संस्थेचं बक्षीस आलं. परीक्षक बोलले की या चित्रकारानं लोककलेचा आत्मा पकडला आहे, आणि कपाळावरचा तो एकच गोल सगळी रचना तोलून धरतो. तो काढून बघा, म्हणाले, चित्र कोसळेल. मी समोर बसून मान हलवत होतो. तो नसलेलं चित्र या जगात फक्त मी, अनसूयाबाई आणि त्यांच्या शेजारणीनं बघितलं होतं, आणि ते चांगलं उभं होतं.

बक्षिसानंतर मी मूळ चित्र पोटमाळ्यावर, माझ्या खुर्चीच्या मागे, क्लिपा लावून टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

एका दुपारी अनसूयाबाई पोटमाळ्याचा जिना चढून वर आल्या. एकट्याच. घाटकोपरहून अंधेरीला त्या त्याआधी फक्त रेकॉर्डिंगला आल्या होत्या. त्यांनी कॅसेटचं कव्हर माझ्या टेबलावर ठेवलं आणि ते कसं मिळालं ते सांगितलं. मुलुंडला पुतण्याची हळद होती. बाहेर टेपवर त्यांचीच कॅसेट लावलेली, म्हणून या वेळी आतून गायलाही कोणी सांगितलं नाही. त्या आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. जाऊ कव्हर घेऊन आत आली आणि म्हणाली, “गो अनसूये, ह्यां चित्र तुझ्यासारख्यां दिसता. पण ही तर सवाष्ण.”

“ह्यां कोणी केल्यान?” बाईंनी कपाळावर बोट ठेवून मला विचारलं.

“प्रेसवाल्यांनी,” मी म्हणालो. “आम्ही पाठवलं तेव्हा नव्हतं. त्यांना काही कळत नाही हो.”

माझ्या तोंडून ते इतकं पटकन गेलं की मलाच ते खरं वाटलं. बाईंनाही वाटलं असतं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या मागे बघत होत्या. टेबलाला वळसा घालून त्या भिंतीपाशी गेल्या. एका बोटानं शीट खालून उचलली. कपाळ रिकामं. सोडली. काळा गोल. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. खाली मशीनचा आवाज चालू होता.

“ह्या कागदाक काय म्हणतास?”

“शीट म्हणतो.”

“आमच्याकडे पण असांच,” त्या म्हणाल्या. “हळद लागताना माका आत घालतत. जेवणाच्या पंक्तीक बाहेर काढतत. पण आमच्याकडे माका सांगान करतत.”

मी म्हणालो, पुढच्या छपाईत काढून टाकतो. त्यांनी मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही, आणि जिना उतरून गेल्या.

काढून टाकण्याचं मी साहेबांकडे बोललो, हे नमूद करतो. साहेबांना धक्काच बसला. “बक्षीस मिळालेल्या चित्रात फेरफार? देसाई, तुम्ही कलावंत आहात.” मला फार हायसं वाटलं. मी पुन्हा विचारलं नाही.

भाग दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा दिवस आधीच ठरलेला होता. त्यासाठी बाई घाणा भरण्यापासून मुलगी सासरी निघेपर्यंतची गाणी देणार होत्या. त्यांच्या आईकडून आलेली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चाळीत दुसऱ्या कोणाला न येणारी. त्या दिवशी वादक आले, चहा झाला, बाई आल्या नाहीत. गावडेला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, “वैनी म्हणतात, चित्राकडून गाऊन घ्या.”

चित्राकडूनच घेतलं म्हणायचं. दादरची एक संगीत शिकलेली मुलगी आणली. तिनं सगळं सुरात गायलं आणि शब्दही शुद्ध करून घेतले. कव्हर तेच. शीटवर फक्त ‘भाग दुसरा’ लिहिलं. त्या मुलीनं बिचकत विचारलं, “सर, माझा फोटो?” साहेब म्हणाले, “लोक या बाईंना ओळखतात.” तिसऱ्या भागाला तिसरी गायिका आली. तिनं विचारलंच नाही. एका मंडळानं तर ‘कव्हरवरच्या ताईंना’ हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून बोलावण्याचं पत्र पाठवलं होतं. पोटेनं ते नोटीस बोर्डावर लावलं. सगळे हसलो.

अनसूयाबाईंनी पुन्हा कुठेच रेकॉर्डिंग केलं नाही. ती गाणी कोणी लिहून घेतली नाहीत. मीही नाही.

तीन वर्षांनी माझ्या मुलीचं, नंदिनीचं, लग्न ठरलं. पार्ल्याला आमच्या इमारतीच्या आवारात हळद करायची होती. माझ्या मनात एक कल्पना आली आणि ती मला इतकी उदात्त वाटली की मी त्याच दिवशी भटवाडी गाठली. अनसूयाबाई दारात वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाल्या.

“नंदिनीची हळद आहे,” मी म्हणालो. “तुम्ही या. आत नाही, बाहेर. मांडवात बसून गा. सगळ्यांसमोर.”

त्यांनी मान वर केली. “खरां सांगतास?”

“शब्द देतो.”

शब्द ऐकून त्या थोडं हसल्या. वाल सोलणं थांबलं होतं. “गाईन,” त्या म्हणाल्या. “आईचां एक गाणां आसा. मुलीच्या आवशीन पयली हळद लावताना म्हणूचां. तां मी अजून कोणाक दिलंय नाय.” मग म्हणाल्या, “आणि गावून झाल्यार मुलीक बोटभर हळद माका लावूक देशात?”

मी म्हणालो, “हिला विचारतो.”

“इचारा,” त्या म्हणाल्या. “आणि कळवा. मी तयार रवतंय.”

मी बायकोला विचारलं नाही. ती नाही म्हणेल याची भीती नव्हती. ती अशा बाबतीत माझ्यापेक्षा धीट होती, कदाचित हो म्हणाली असती, आणि मग सगळ्या नातेवाइकांसमोर मला त्या होकाराच्या बाजूनं उभं राहावं लागलं असतं. एक दिवस गेला, चार गेले. कळवायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. भटवाडीत त्या दिवशी कोणी तयार होऊन बसलं होतं का, हे मी कधी गावडेला विचारलं नाही, आणि तो आपणहून बोलला नाही.

हळदीच्या सकाळी आवारात मांडव घातला होता. नंदिनी पाटावर बसली. पुतण्यानं टेप लावला आणि अनसूयाबाईंचा आवाज पहिली ओळ घेऊन मांडवभर झाला. बायकांनी ती झेलली. हळदीची वाटी हातात घेऊन बायको माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “मागे ऐकू येत नाहीये. आवाज जरा मोठा करा ना.”

मी उठलो आणि आवाज मोठा केला.